मैनाचं स्थळ

१९ जाने., ईट
मैनाचं शिंगरू गेलं. पुढचे पाय दुमडलेलेच, उभं राहिलंच न्हाय. मैनाचंच दूध काढून बाटलीनं पाजत होते. हे दुसरं. घोडी अजून त्याला पुरलं त्या बाभळीकडंच बघती, चाऱ्याला तोंड लावंना.
ह्ये म्हणाले, विकून टाकू. विकायची म्हणं. हिच्या आईच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, कोकरं नि त्यातच बसून आमची सुरेखा लहानाची मोठी झाली.

२ फेब्रु.
मेंढरं अजून ईटच्याच शिवारात बसवलीत. लसीला जनावरांच्या डॉ.बाई आलत्या. वयानं सुरेखापेक्षा थोडी मोठी, पण मैनाच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली, तिथंच मला आवडली. घोडा कुठला लावला, विचारलं. म्हणलं घरचाच, मैनाचा भाऊ. रागवली न्हाय. म्हणाली, त्यानंच गेलं असं छातीठोक सांगता येत न्हाय, पण तेच तेच रक्त फिरलं की असं होतं. आपल्या ह्या बुटक्या भीमथडी जातीची घोडी थोडकीच उरलीत, त्यात जो तो घरातल्या घरात लावतो.
ह्यांचं आपलं भूमच्या वरातीतल्या उंच मारवाडी घोड्यावर मन. बाई म्हणाली, शिंगरू जगंलही, पण ते भीमथडी न्हाय राहणार. आन् ती मारवाडी घोडी गावोगाव दिसली तरी त्यांचे बाप मोजकेच असत्यात.
वन्संचा फोन. त्यांच्या पोराचं, तुकारामचं, लग्नाचं वय झालं, म्हणाल्या. कळलं मला, सुरेखावर डोळा हाय.

९ फेब्रु.
येडशीच्या बापूंकडं घोडा बघितला. काळाभोर, पाय सरळ, अंगानं मैनाएवढाच. ह्ये लई खुशीत. डॉ.बाईनं दोघांच्या आयाळीचे केस मुळासकट घेतले, तपासायला. आत्या हसल्या, म्हणल्या आता घोड्याचंबी देवक बघा. आत्या म्हणजे माझी सासू, माझ्या बापाची सख्खी बहीण.

६ मार्च
बाईचा फोन. नको म्हणाली, लई जवळचं रक्त, मामा-भाची म्हणा.
कसं, ते आत्यांनाच आठवलं. वन्संच्या लग्नात मैनाची आजी आंदण दिलेली. तिला तिकडं मागनं एक शिंगरू झालं, ते त्यांनी येडशीला दिलं. तोच हा काळा. आपल्याच दावणीचं जनावर आपणच हुडकून आणलं.
आत्या म्हणल्या, मामा-भाचीचं तर कर्नाटकाच्या अंगाला हौसेनं लावत्यात. सगळे हसले. मामाची पोर म्हणून या घरात आलेली मी, मीच आधी हसले.
मग चुलीपाशी भाकरी थापाया बसले. माझं थोरलं पोर आठवड्याचंबी झालं न्हवतं. कशानं गेलं, कुणी विचारलं न्हाय. म्याबी न्हाय. देवाची मर्जी म्हणून सोडलं.

१४ मार्च
मैना माजावर. ह्ये दोर घेऊन भूमला निघालेले. म्या वाटंत आडवी आले. बाईनं करमाळ्याकडच्या एका मेंढपाळ वाड्यातला घोडा सांगितलाय, भीमथडीच, रक्त जवळचं न्हाय. तो वाडा पाडव्यानंतर मेंढरं घेऊन इकडं सरकंल. घोडीचं वय बघा, ह्ये म्हणाले, पुढच्या माजाला गाभ राहिली न्हाय तर? तरी भांडले.
"घोडीला एवढं लांबचं स्थळ?"
"लांबचंच पायजे."
आत्या बाजूलाच कांदा चिरत होत्या. वर बघितलं, परत चिराया लागल्या. ह्यांनी दोर सोडला, पण जेवले न्हाईत नीट.

१६ मार्च
रविवारी वन्सं येणार, तुकारामला घेऊन. सुपारी फोडायचीच म्हणाल्या. पोरगा चांगला हाय, निर्व्यसनी, त्याला नावं ठेवायला जागा न्हाय, तेच अवघड. आत्यांनी पुरणाची डाळ निवडाया घेतली, तोंडावर नुसता आनंद.
घोडीपायी घर डोक्यावर घेतलं. आता लेकीचं बोलायचं तर आत्यांना काय वाटंल, वन्सं परत उंबरा चढतील का. आन् आमच्या दोघांच्या संसारालाच मी चूक म्हणतीया, असं ह्यांना वाटलं तर? वाईट न्हाय झाला आमचा संसार. न्हाय.
उन्हं कलताना सुरेखा मैनाची आयाळ विंचरत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली,
"आये, घोडीचे केस धाडले, तसे माझेबी तपासाया धाड की."
फणी तिच्या हातातच होती. म्या मैनाला पाणी दाखवलं. आत्या आतनं विचारत होत्या, गूळ पुरंल का. पुरंल म्हणाले.