पाण्यातलं तुळशीचं पान

गुरुवार, दिवेलागण झाल्यावर

सासूबाईंच्या पोटात पाणी जायलाच हवं, नाहीतर पुन्हा सलाईन, असं डॉक्टरांनी बजावलंय. नुसतं पाणी त्यांना नकोसं होतं. म्हणून सकाळी बरणीभर पाण्यात काकडीचे काप, मोसंबीच्या दोन फोडी आणि वर तुळस घातली. काकडी वाया जात नाही, कोशिंबिरीला होते.

दुपारी पेला पुढे केला. तरंगणारं पान बघून त्यांनी तोंड घट्ट मिटलं. मग म्हणाल्या, "गो, मी अजून जिती आसंय. तुळशीचा पाणी आताच कित्याक?"

शेवटच्या घोटात घालतात तेच पान! रोज तुळशीला दिवा लावणारी मी, मला कसं सुचलं नाही?

तो पेला मीच त्यांच्यासमोर प्यायले. नव्या पाण्यात पुदिना घातला. "हा बघा, चटणीचा."

"मगे चटणीच दी," म्हणाल्या, जरा हसल्या. दोन घोट घेऊन माझं मनगट धरलं. "येळ इली काय तुळस तूच घाल. माका तुझ्याच हातची व्हयी."

मी म्हटलं, "आधी हा पेला संपवा."

त्यांनी सगळा संपवला, आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिल्या.