ब्रेक कुणी बसवला, हे न विचारण्याबद्दल

रविवार, ता. १४ मार्च. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. शर्टाला बटण लावत होतो, ते अर्धवट टाकून लिहायला बसलो आहे. (सुई उशीला टोचून ठेवली आहे. काळजी नसावी.)

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना कुरकुरतो की उतरताना, ते आईने नीट विचारायला सांगितलं आहे. इकडे आई बरी आहे. मीही बरा आहे, फक्त माझी मला लाज वाटते आहे, आणि ती का वाटते हे सांगण्यासाठीच हे पत्र.

तू निवृत्त होताना मला धुलाईखान्यात चिकटवून गेलीस, त्याला आता वर्ष होईल. हॉस्पिटलच्या चादरी ज्यातून जातात तो गरम रोलर कसा असतो, हे तुला मी काय सांगणार? पण गोष्ट क्रमाने सांगायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते. पूर्वी त्यात चादरीबरोबर बोटंही जायची. मग तू असतानाच एका सकाळी रोलरसमोर एक आडवी पट्टी दिसली, तिला सायकलच्या ब्रेकची तार जोडलेली. हात पट्टीला लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. ती कुणी बसवली, हे कुणी कबूल केलं नाही. तेव्हापासून कुणाचं बोट भाजलेलं नाही, आणि त्या अज्ञात माणसाला सगळे 'ब्रेकवाले' म्हणतात.

मला मात्र गप्प बसवेना. इतकं चांगलं काम करणाऱ्याचं नाव जगाला कळलंच पाहिजे, असं मला वाटलं. (खरं म्हणजे जगाच्या आधी ते मला कळलं पाहिजे, असं वाटलं.) बराच विचार करून मी बॉयलरवाल्या काकांपर्यंत पोचलो. ते कमी बोलतात, म्हणजे काहीतरी लपवतात. त्यांच्या नखांत ग्रीस असतं. शिवाय पूर्वी ते सायकलने यायचे आणि आता चालत येतात, तेव्हा ती ब्रेकची तार कुठून आली हे उघडच होतं. (सायकल चोरीला गेली होती, हे नंतर कळलं.) हे मी फक्त घड्या घालणाऱ्या ताईंना सांगितलं, तेही कुणाला सांगू नका असं बजावून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन जणांनी येऊन ती बातमी मलाच सांगितली.

काका म्हणाले, "मी नाही." लोक म्हणाले, काय हा विनय! काका ओरडले, "अहो, मी नाही!" लोक म्हणाले, हुशार माणसं अशीच तिरसट असतात. चार दिवसांत त्यांच्या दारात बिघडलेले मिक्सर, दोन पंखे आणि एक बोलायची बंद झालेली बाहुली येऊन पडली. काकूंनी त्यांना फैलावर घेतलं, "घरातला नळ गळतोय तो दिसत नाही, आणि तिकडे शोध लावताय होय?" जावयाने तर बक्षिसाची रक्कम कुठे ठेवलीत, असं सरळच विचारलं.

एवढ्यावर भागलं असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या सोमवारी ब्रेक सैल झाला. ताईंची बाही रोलरमध्ये ओढली गेली, आणि शिवण उसवली म्हणूनच हात वाचला. साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं, तुम्ही बसवलात, तुम्हीच दुरुस्त करा. काकांना ते कुठून येणार? लोक म्हणू लागले, म्हातारा भाव खातोय. त्यांच्याशेजारी डबा उघडायला कुणी बसेना. वर साहेबांनी मुदत घातली आहे, येत्या शनिवारपर्यंत ब्रेक नीट झाला नाही तर तो काढून टाकायचा आणि पूर्वीसारखं काम सुरू करायचं.

बुधवारी मी सगळ्यांसमोर टेबलावर उभा राहिलो (वर जुनं वर्तमानपत्र पसरून) आणि काकांबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, असं सांगून टाकलं.

"मग मला सांगितलंस ते काय होतं?" ताईंनी विचारलं.

"तर्क."

"तर्क! अरे, चादरीवर डाग आहे म्हणायच्या आधीसुद्धा मी ती उजेडात धरून बघते. तू माणसाच्या बाबतीत तेवढंही केलं नाहीस?"

मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "आणि समजा, मीच असतो तर? मग चाललं असतं का रे?"

मावशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तर्क चुकला म्हणून मी शरमत होतो. पण तो बरोबर आला असता तरी, ज्याने आपलं नाव जपून झाकून ठेवलं त्याचं झाकण उचलायला मला कुणी सांगितलं होतं? मी पायाखालचं वर्तमानपत्र सरळ करत राहिलो. काकांना दया आली असावी. म्हणाले, "उतर खाली. माझ्या दारातलं सामान ज्याचं त्याला पोचवून ये. बाहुलीसकट."

तेव्हापासून 'कुणी बसवला' हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. 'कसा बसवला' एवढंच विचारायचं, असं ठरलं. काम सुटल्यावर काका, ताई आणि मी ब्रेक उघडून बसतो. पट्टी कळली, तार कळली. ताई पुन्हा माझ्याशी बोलायला लागल्या आहेत आणि काकांच्या शेजारी डबेही परत आले आहेत. मला वाटतं, जमेल.

तुझा,
भाचा

ता. क. : एक स्प्रिंग तेवढी जमत नाही. घट्ट केली तर रोलर थांबत नाही आणि सैल केली तर चालत नाही. मागच्या सुट्टीत तुझ्या शिवणयंत्राच्या पायाशी अशीच पट्टी आणि अशीच स्प्रिंग मी पाहिली होती. त्यावरून मी कसलाही तर्क केलेला नाही. (केला होता. खोडला.) केवळ शिवणयंत्राविषयी म्हणून विचारतो, त्या स्प्रिंगला वेढे किती, आणि ती कुठल्या बाजूने अडकवायची?

आणखी एक : उत्तर शुक्रवारच्या आत धुलाईखान्याच्या पत्त्यावर, काकांच्या नावे टाक. खाली सही नको. पाकीट काका फोडतील, मजकूर ताई वाचून दाखवतील. मला तुझं अक्षर ओळखू येतं, म्हणून तेवढा वेळ मी बाहेर जाऊन उभा राहीन.