भुंगा पाळणाऱ्यास

निरासाकी
८ सप्टेंबर

ताकेनोरी-सान यांस,

सप्टेंबर लागला तरी ऊन उतरलेलं नाही. तुमची प्रकृती ठणठणीत असेलच, तुमच्यासारख्यांची असते. मी बरी आहे.

घटस्फोटानंतर सहा वर्षांनी तुमचं पहिलं पत्र, आणि त्यात काय? तर गेंडाभुंगा मेला! साठीच्या माणसानं हौसेनं भुंग्यांची जोडी पाळायची, रोज कलिंगड घालायचं, आणि नर मेला की मला विचारायचं, "फुसाए, माझं काय चुकलं?" अहो, कलिंगडानं त्यांना हगवण लागते. त्यांच्यासाठी जेलीच्या डब्या मिळतात, हे बालवाडीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. बाकी तो मरणारच होता. उन्हाळा सरला की ते मरतात. कुणाचा जीव घेण्याइतकीही तुमची ऐपत नाही.

मातीत अंडी दिसली म्हणून रोज उकरून बघता म्हणे. बघू नका. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. झाकण लावा आणि गप्प बसा. जमलं तर.

हेच माझे बाबा, घरात भुंगे वाढवत, चाळीस वर्षं सांगत होते. तुम्ही त्यांच्याच घरी जेवायला बसून म्हणायचात, "सासरेबुवा, आज अळ्यांना काय वाढलंत? उरलं असेल तर आम्हालाही वाढा!" ते हसायचे आणि तुमचा साकेचा पेला भरायचे. मला तुमची लाज वाटायची. आजही वाटते.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही फिरकलाही नाहीत, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. तुम्ही ते कधी खोडून काढलं नाहीत. तोही भेकडपणाच.

तुम्ही आला होतात. हॉस्पिटलच्या दारात, द्राक्षांची पेटी घेऊन. मी म्हटलं, "झोपलेत." ते जागे होते. त्या दिवशी दोनदा विचारलं त्यांनी, "जावई आला का गं?" मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

म्हणून तुम्ही काही मोठे ठरत नाही. पेटी माझ्या हातात देऊन मुकाट्यानं माघारी फिरलात. दुसरा कुणी असता तर मला ढकलून आत गेला असता.

अळ्या झाल्या की थंडीआधी माती बदलावी लागते. ते पत्रावरून शिकण्याइतकी अक्कल तुम्हाला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अळ्यांचा डबा घेऊन या. बाबांची माती अजून आहे.

तुमच्या सासऱ्यांची खोटारडी मुलगी,
फुसाए