आतून मागितलेलं

चिंचवड,
रविवार, २० जुलै

आदिनाथदादा,

तुला वाकून नमस्कार. वहिनीला अर्धाच, मागच्या खेपेला लोणचं द्यायला विसरली म्हणून. इकडं सगळे बरे आहेत. "चाकण काय सातासमुद्रापार हाय व्हय, पत्र लिहायला?" असं म्हणशील. म्हण बापडा. आपल्या गावची सारजाकाकू सोसायटीच्या गेटवर भाजी विकते, तिच्या पाटीतून पाठवतेय.

बातमी म्हणजे घरात नवा राउटर आलाय. तुझ्या दाजींनी स्वतः बसवला आणि जेवण होईस्तोवर मला फायरवॉल समजावली. बाहेरचा कुणी आगंतुक आपल्या लॅपटॉपपर्यंत यायला बघेल, तर राउटर त्याला दारातच अडवतो. आतून आपण काही मागितलं, तर त्याचं उत्तर तेवढं आत सोडतो. मी विचारलं, "आणि घरातल्याच माणसापासून वाचायचं असेल तर?" हे हसले. "घरातल्यापासून कशाला वाचायचंय, विजू?"

तेव्हा मीही हसले होते.

पाऊस बरा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. माझी तब्येत ठीक.

मागच्या आठवड्यात वाढताना ह्यांनी विचारलं, "नोकरीच्या वेबसाइटवर काय काम होतं तुझं?" माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी काय लिहिलं ते त्यांना दिसत नाही, पण कुठल्या साइटवर गेले ते राउटरच्या अ‍ॅपवर दिसतं. दुसऱ्या दिवसापासून हे कामावर जाताना त्याच अ‍ॅपवरून माझ्या लॅपटॉपचं नेट बंद करून जातात. संध्याकाळी घरी आले की चालू करतात. म्हणे, "तुझ्याच सेफ्टीसाठी." माझ्या मोबाइलचा रिचार्ज तर कधीच बंद झालाय. घरात वायफाय असताना कशाला हवा! तू परवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन केलास आणि मी "मजेत आहे" म्हणाले, तेव्हा हे शेजारीच बसले होते. खाली भाजीला आले तरी सासूबाई गॅलरीतून बघत असतात. दादा, जीव गुदमरतो रे माझा इथं. लिहिलं एकदाचं.

आता खरं काम. आकुर्डीच्या एका कंपनीतून फोन आला होता, इनकमिंग तेवढं अजून चालू आहे म्हणून कळलं. सोमवारी, अठ्ठावीस तारखेला सकाळी लॅपटॉपवर मुलाखत आहे. ही गेली तर पुन्हा कुणी विचारायचं नाही, आणि मग मी इथंच सडेन.

मंगळवारी पंचमी आहे. तू आदल्या रविवारी, सत्तावीसला मुऱ्हाळी म्हणून ये. "कंपनीत पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट" असलं काही सांगू नकोस, सुट्टी टाक. टोपी घाल, पेढे आण, नुसता दारात उभा राहून "विजूला पंचमीला न्यायला आलोय" एवढंच बोल. हे कुरकुरतील. पण सासूबाई रीतीच्या पक्क्या आहेत. मुऱ्हाळ्याला रिकाम्या हाती परत पाठवणं म्हणजे घराला बट्टा, असं त्या स्वतः चारचौघींत सांगतात. मी लॅपटॉप साड्यांच्या घडीत ठेवीन. सोमवारी तुझ्या मोबाइलचं नेट लागेल, भरून ठेव.

फोन करून "येतो" म्हणू नकोस. उत्तरही पाठवू नकोस. मला कळवायचंच असेल तर सारजाकाकूकडं आपल्या शेतातली मेथी दे. तिनं न मागता जुडी हातात ठेवली की मी समजेन.

तुझ्या मनानं तू न्यायला आला असतास, तर मीच तुला दारातून परत लावलं असतं, सगळं छान आहे म्हणून. आता मी आतून मागतेय, दादा. उत्तर म्हणून तूच ये.

दाराकडं कान लावून बसलेली,
तुझी विजयश्री