दुसऱ्या साक्षीदाराची जबानी

वॉर्सा, १८ नोव्हेंबर १९४३

प्रिय बोग्ना,

तेओफिलच्या मयताला तू आली नाहीस. मी गेलो होतो. लगेच कागद चुरगळू नकोस, आधी ऐक. आम्ही पाचच जण होतो: त्याची आई, पाद्री, खड्डा खणणारा, लाल सुजलेल्या हातांची एक अनोळखी बाई, आणि लांब झाडाआड मी. पाद्र्याने प्रार्थना इतकी भराभर उरकली की त्या खड्डा खणणाऱ्यालाच लाज वाटली असावी. तो टोपी काढून थोडा वेळ उगाच उभा राहिला. तुझ्या आईने म्हणे जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "असल्या माणसाच्या मयताला माझी मुलगी जायची नाही, आणि त्याची अंगठी या घरात राहायची नाही." दोष त्यांचा नाही. भूमिगत पत्रकात तीन ओळी आल्या होत्या, त्या साऱ्या शहराने वाचल्या: पाणीपुरवठा कचेरीत नकाशे काढणारा तेओफिल बारानेत्स्की, लपलेल्या ज्यूंना जर्मनांच्या हवाली करण्याची धमकी देऊन लुबाडत होता, म्हणून पोलंडच्या न्यायालयाच्या निकालानुसार त्याला गोळी घालण्यात आली. बोग्ना, त्या तीन ओळी खोट्या आहेत. त्या मागे घेतल्या जाव्यात म्हणून गेले काही दिवस मी डोकं आपटतो आहे. कशावरून खोट्या, ते सांगायचं तर मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तेच जड जातंय.

तुला आठवतं, विद्यापीठ बंद झाल्यावर आपले कायद्याचे वर्ग प्राध्यापकांच्या स्वयंपाकघरात भरायचे? सहा जण, चार खुर्च्या, जवाची कॉफी, आणि कुणी दार वाजवलं की पुस्तकं पिठाच्या डब्यात. गेल्या वर्षी मी ते मधेच सोडलं. तू म्हणालीस, "आधी परीक्षा दे, मग देश वाचव. देश तेवढा थांबेल." मी चिडून म्हणालो होतो की बाहेर कायद्याला गोळ्या घालतायत आणि आपण इथे त्याची कलमं घोकतोय. दार आपटून गेलो. कुठे गेलो ते तुला कधी सांगितलं नाही, सांगायची बंदी होती. आज मोडतो. जर्मनांच्या हाताखाली राबणाऱ्या निळ्या गणवेशातल्या पोलिसांवर आपण थुंकतो, पण खबरे, दरोडेखोर, लपलेल्यांना पिळून खाणारे यांना पकडायला कुणीतरी हवंच ना? लंडनमधल्या आपल्या सरकारच्या नावाने एक गुप्त पोलीस दल चालतं. मी त्यात आहे. होतो म्हणायला हवं.

आमचा प्रमुख युद्धाआधीचा जुना फौजदार, टोपणनाव बोर्सुक. आता एका गल्लीत जोडे दुरुस्त करतो. खरंच करतो, लाकडी तळवे ठोकून ठोकून त्याचा अंगठा काळा पडलाय. मला पाहिलं की म्हणायचा, "या, अर्धे वकील! आज कुणाला फाशी द्यायची?" त्याचा एकच नियम होता: संशयितावर दोघांनी वेगवेगळी नजर ठेवायची, एकमेकांशी न बोलता, आणि वेगवेगळ्या जबान्या लिहायच्या. दोन जबान्या जुळल्या तरच प्रकरण न्यायालयाकडे. एका माणसाच्या डोळ्यात राग असू शकतो, म्हणायचा, दोघांच्या डोळ्यांत एकच राग सहसा नसतो. माझ्या जोडीला श्पाक नावाचा एक नवखा होता, त्याची ही पहिलीच कामगिरी. त्याचं खरं नाव मला माहीत नाही, त्याला माझं नाही. बोर्सुकला आमचे चेहरे आणि टोपणनावं, बस. कोण काय लिहितो हे तपासायला कुणाकडे काहीच नसतं, कारण पकडले गेलो तर कुणाकडे काही असू नये अशीच ती सगळी रचना.

सप्टेंबरात खबर आली की एका इमारतीत लपलेल्या कुणा म्हाताऱ्या ज्यू बाईकडून एक जण दर आठवड्याला चीजवस्तू घेऊन जातो. मला आणि श्पाकला तिथे लावलं. मंगळवारी दुपारी मी समोरच्या फाटकात उभा होतो. दार उघडलं आणि तेओफिल बाहेर आला. कोटाच्या आत काहीतरी चपटं, फडक्यात गुंडाळलेलं. त्याने दोन्ही बाजूंना पाहिलं आणि भिंतीला लागून निघाला. बोग्ना, तेव्हा माझ्या मनात देश नव्हता, न्यायालय नव्हतं, काही नव्हतं. मनात आलं, सापडलास. आदल्या शनिवारी ट्रामच्या थांब्यावर तू हातमोजा काढलास आणि मी अंगठी पाहिली होती. तू मला पाहिलं नाहीस. मी तीन थांबे ट्राममागे पळालो, वेड्यासारखा.

माझी जबानी मी जशीच्या तशी लिहिली, तीत खोटं काही नव्हतं. पण श्पाकची येईना. त्याला टायफस झाला होता. बोर्सुक म्हणाला, "थांबू. दुसरा माणूस लावू, महिना गेला तरी चालेल." महिना! मी म्हणालो, महिन्यात ती म्हातारी लुबाडून संपेल. तो म्हणाला, "घाईत मारलेला माणूस परत जिवंत करायला मला जमत नाही, तुला जमतं का रे?" मी घरी गेलो आणि श्पाकच्या नावाने दुसरी जबानी लिहिली. त्यात लिहिलं की श्पाक आजारी पडण्याआधीच्या गुरुवारी तेओफिल गेस्टापोच्या इमारतीत अंगणाच्या दाराने शिरला, वीस मिनिटांनी बाहेर आला, हसत. हा "हसत" मी का घातला कुणास ठाऊक. तुला तर माहीत आहे, त्याचे पुढचे दात किडलेले होते, हसू आलं की तो तोंडावर हात धरायचा. ती चिठ्ठी मी ठरलेल्या जागी, विटेमागे ठेवली. बोर्सुकने ती श्पाकचीच मानली. का मानू नये? चारच दिवसांनी श्पाक इस्पितळात मेला. ऑक्टोबरच्या शेवटी कचेरीच्या फाटकाशी सकाळी तेओफिलला दोघांनी थांबवलं, निकाल वाचून दाखवला. म्हणतात, तो म्हणाला, "तुमची काहीतरी चूक होतेय, मला आधी पाव पोचवू द्या." लोक ते सांगून हसले.

दफनभूमीतून मी त्या लाल हातांच्या बाईच्या मागे लागलो. वाटलं, ही याची साथीदार. ती त्याच इमारतीत शिरली आणि दुसऱ्या मजल्यावर गर्रकन वळली. "पुलापासून मागे आहेस! त्याला मारणाऱ्या आपल्याच लोकांचा पोलीस आहेस का रे? मग वर ये, चल, बघ, आमचं काय काय लुटलं गेलंय ते." मार्त्सेलाबाई म्हणतात तिला, इमारतीची राखण करते, झाडलोट करते. तिने कपाट बाजूला सरकवलं. मागे हातभर रुंदीची जागा, तिथे सालोमेआबाई बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, मोजे नाहीत म्हणून पायात हातमोजे ओढलेले. त्यांनी लहानपणी तेओफिलला पियानो शिकवला होता. तो दर मंगळवारी त्यांचे दोन चांदीचे चमचे न्यायचा, विकायचा, आणि शुक्रवारी पाव, बीटचा मुरांबा, हृदयाचं औषध आणायचा. चमच्यांत भागेना तेव्हा पदरचं घालायचा. तुलाही सांगितलं नाही, कारण तुझ्या घरी सांगितलं असतं तर तुम्हीही मेला असता. आमच्या कामाच्या गप्पपणाचा मला केवढा अभिमान होता! तो माझ्यापेक्षा जास्त गप्प होता. सालोमेआबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तेओला सर्दी झाली का? त्याला म्हणावं, घाई नाही." मी हो म्हणालो. सर्दीच झालीय म्हणालो.

दोन शुक्रवार मी पाव नेला. तिसऱ्या वेळी कपाट भिंतीला टेकलेलं होतं, मागे काही नव्हतं. मार्त्सेलाबाईने जिन्यावरचं फडकं पिळत सांगितलं, "पाद्र्याच्या मोलकरणीने खालून ओरडून तेओफिलची बातमी दिली, त्यांनी ऐकली. सकाळी चांगली टोपी घातली, उरलेले चमचे माझ्या पोरींसाठी ठेवले आणि उजेडात सरळ रस्त्याने चालत गेल्या. कोपऱ्यावर जर्मन गस्त होती. मी खिडकी लावून घेतली." मी तिच्या पाया पडलो, म्हणालो, एवढं तरी लिहून दे, तेओफिल काय करत होता ते. ती म्हणाली, "ज्यू लपवला तर घरादाराला गोळी, आणि तुला माझी सही हवीय? तुमचे कागद माणसं मारतात, पोरा. माझं नाव त्यांच्यावर नको."

मग बोर्सुककडे गेलो आणि सगळं ओकलो. हातातली हातोडी त्याने खाली ठेवली नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या, थोबाडलं असतं, तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मेलेला श्पाक एक सांगतो, जिवंत तू दुसरं सांगतोस. आणि ती पोरगी त्याची वाग्दत्ता, तुझी जुनी. न्यायालय म्हणेल, प्रेमवीराला तिच्यापुढे हुतात्मा व्हायचंय. निकाल रडण्यावर फिरत नाहीत. पुरावा आण." मी म्हणालो, मला गोळी घाला. तो म्हणाला, "त्याने त्या ओळी पुसल्या जातील का? मग उगाच कशाला गोळी वाया घालवायची." जाताना मात्र हळूच म्हणाला की श्पाकच्या नावाची ती मूळ चिठ्ठी जाळलेली नाही, बरणीत घालून पुरून ठेवलीय.

आता तुला कळलं असेल, हे पत्र एवढ्या वाकड्या, मागे कललेल्या अक्षरात का आहे. डाव्या हाताने लिहिलंय. श्पाकची चिठ्ठीही मी डाव्या हाताने लिहिली, उजव्या हाताचं अक्षर बोर्सुक ओळखतो म्हणून. १९४० च्या हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर पडून माझं उजवं मनगट मोडलं होतं आणि सहा आठवडे मी तुला डाव्या हाताने पत्रं लिहायचो, तू त्या अक्षराची चेष्टा करायचीस. आज डाव्या हाताने लिहून दाखवलं तर नक्कल म्हणतील, पण त्या पत्रांवर तारखा आहेत, तेव्हा ना श्पाक होता, ना तेओफिल. माझा डावा हात कसा लिहितो हे सिद्ध करणारा दुसरा साक्षीदार साऱ्या वॉर्सात नाही, फक्त तू. येत्या सोमवारी दुपारी बारा वाजता आपल्या जुन्या प्राध्यापकांच्या घराखाली काळ्या अंगठ्याचा एक म्हातारा जोडे मागायला येईल. त्याला ती पत्रं दे आणि हेही दे. माझं पुढे काय होईल याचा विचार करू नकोस, खोट्या साक्षीचं कलम आपण एकत्रच पाठ केलं होतं. पण तू ती पत्रं ठेवली असशील असं मला वाटत नाही. मी तुझ्या जागी असतो तर ज्या दिवशी दार आपटलं त्याच दिवशी चुलीत घातली असती. तसं केलं असशील तर सोमवारी तिकडे फिरकू नकोस, म्हातारा पाच मिनिटं थांबेल आणि निघून जाईल, आणि पत्रकात जे छापलंय तेच राहील. एवढं मात्र कर, त्या ओळी राहिल्या तरी तू एकदा त्याच्या आईकडे जा. ती अजून दोघांची पानं वाढते.

टोपणनावाने दिलेली जबानी आता चालायची नाही, म्हणून पूर्ण नाव लिहितो.

तुझाच,
लुत्स्यान हेन्रिक ग्रोदेत्स्की