आठ महिने पश्चिमेचा वारा

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाच्याचा नमस्कार (या वेळी डोकं जरा जास्त वेळ खाली ठेवलंय असं समजावं). मामींनाही नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचं ब्लडप्रेशर आणि ताईच्या मोरीतला तो गळका नळ, तिघांची प्रकृती कळवावी. माझी उत्तम आहे, आणि तीच लाजेची गोष्ट आहे. माणसाच्या हातून असं काही झालं की निदान ताप तरी यायला हवा.

तुमचं कार्ड तीन दिवसांपूर्वी मिळालं. ‘पेपरात आलेलं वाचलं. कदाचित माझंच चुकलं असेल. तुझी नजर तरुण आहे, तुला नीट दिसलं असणार.’ मामा, तुम्ही चार शिव्या लिहिल्या असत्यात तर मी त्या चहाबरोबर पचवल्या असत्या (आजवर सगळ्यांच्या पचवल्याच आहेत). पण या तीन ओळी घशाखाली उतरेनात. त्यात ताईचा निरोप आला, की तुम्ही माळ्यावरून जुन्या नोंदींच्या नकला काढल्यात, खिडकीशी भिंग घेऊन बसता, एकेक दिवस तपासता, आणि मामींनी जेवायला हाक मारली तर ‘थांब, अजून मार्च चाललाय’ म्हणता. तो मार्च थांबवायला हे पत्र. तुमचं काहीही चुकलेलं नाही. चुकलंय कोणाचं ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, कारण जवळून यायची हिंमत नाही.

विमानतळाचा इतिहास तुम्हालाच सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं आहे. पण विमानतळ पुन्हा सुरू करायला निघालेल्या समितीच्या पत्रकात तो इतका गुळगुळीत करून छापलाय की एकदा गावाच्या तोंडून ऐकलेला लिहूनच काढतो. कागदाच्या गिरणीचे मालक, त्यांना लांबच्या शहरात जायची घाई, म्हणून गावाबाहेरच्या माळावर पूर्व-पश्चिम धावपट्टी झाली. आठवड्यातून दोनदा एकोणीस जणांचं विमान. सामानाच्या काट्यावर माणसंही तोलायची, आणि वजन मोठ्याने पुकारलं जायचं (तुम्हीच पुकारायचात म्हणे). शिंपीकाका सांगतात, ठरत आलेल्या दोन सोयरिकी त्या काट्यापाशी मोडल्या. पुढे असं होऊ लागलं की विमान यायचं, गावावर तीन घिरट्या घालायचं आणि वारा पट्टीला आडवा म्हणून तसंच परत जायचं. खालचे नातेवाईक वर हात हलवून घरी. तुम्ही दिवसातून तीनदा वारा बघून लिहीत होतात, आणि शेवटच्या वर्षी दोनशे अकरा दिवस ‘आडवा’ लिहिलंत. वरची माणसं आली, वही पाहिली, विमानतळ बंद. गिरणीला कुलूप लागलं ते कागदाला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून. पण राग काढायला गावाला माणूस लागतो. न आलेलं गिऱ्हाईक दिसत नाही, तुम्ही मात्र रोज पिशवी घेऊन भाजीला जाताना दिसत होतात. ‘आडवे मामा’ हे नाव तेव्हाचं. ताईकडे राहायला जाईपर्यंत पंचवीस वर्षं तुम्ही ते ऐकलंत आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलंत, ‘जसा होता तसा लिहिला.’

त्यानंतर धावपट्टी मोटार शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेली. गावातले झाडून सगळे ड्रायव्हर या सरळ पट्टीवर शिकले, त्यामुळे गावात वळण कोणालाच घेता येत नाही. गाड्या चौकात येतात आणि विचारात पडतात. मीही मास्तरांकडेच शिकलो (अकरा दिवस, मग नदीपलीकडच्या मधमाश्यावाल्याकडे गेलो ते नऊ दिवस तिथेच राहिलो. मधमाश्यांचं एक वेगळंच आहे, त्यांच्यात कामचुकार नराला थंडी आली की बाहेर हाकलतात. ते ऐकलं आणि मी आपणहून निघालो).

तर विमानतळ पुन्हा सुरू करायचं निघालं, आणि इंजिनिअर साहेबांना सबंध वर्षाच्या वाऱ्याची नवी नोंद हवी होती. तुम्ही त्यांना माझं नाव सुचवलंत. होडीवर टिकलो नाही, छापखान्यात टिकलो नाही, तरी तुम्ही लिहिलंत की ‘मुलगा भटक्या आहे पण खोटं बोलत नाही.’ (मामा, बोललो नाही हे खरं आहे. लिहिलं.) काम काय, तर खांबावरची कापडी नळी, तुम्ही जिला विंडसॉक म्हणायचात आणि गाव पायजमा म्हणतं, ती कुठल्या बाजूला उभी आहे ते सकाळ, दुपार, संध्याकाळ बघायचं. शेपूट पूर्वेला असेल तर वारा पश्चिमेचा. पुढे जोर लिहायचा: मंद, मध्यम, नाहीतर जोराचा. राहायला जुनं तिकीटघर, काच फुटलेली खिडकी आणि लांबच लांब बाक.

पहिले चार दिवस मी तुमच्यासारखा उभा राहून बघितलं. चारही दिवस शेपूट पूर्वेला. पाचव्या दिवशी दुपारची नोंद सकाळीच लिहिली. दहाव्या दिवशी उद्याची आजच लिहिली. पुढे दर रविवारी बसून आठवड्याच्या एकवीस नोंदी एका दमात काढू लागलो, दिशा सगळीकडे पश्चिम, आणि अगदीच एकसुरी दिसू नये म्हणून मंद, मध्यम, जोराचा हे आळीपाळीने. आठवड्यातून एकदा खिडकीतून नळीकडे बघायचो, ती पूर्वेलाच असायची, आणि मला वाटायचं, हा वारा माझ्यावर विश्वास टाकून आहे. कधी कापड मध्येच मोडून बाजूला लोंबायचं. म्हटलं, जुनं झालंय.

साहेब आठव्या महिन्यात वही बघायला आले. दोन तास पानं उलटली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘इतका शिस्तीचा वारा मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.’ वर्ष पुरं व्हायची वाट न बघता त्यांनी अहवाल दिला: वारा थेट धावपट्टीच्या रेषेत, विमानतळ सुरू करायला हरकत नाही. आणि खाली एक ओळ, ‘पूर्वीच्या निरीक्षकाच्या नोंदी सदोष असाव्यात.’ ती ओळ पेपराने उचलली आणि मोठ्या टाइपात छापली. गावात जे तुम्हाला नुसतं आडवे म्हणायचे ते आता ‘म्हाताऱ्याने पंचवीस वर्षं बुडवली’ म्हणू लागले. मी ते केस कापून घेताना ऐकलं. मान न्हाव्याच्या हातात होती म्हणून बोललो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मान सुटल्यावरही बोललो नाही. मला वाटलं, मामांचं खरंच चुकलं असेल. हे वाक्य लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

मग तुमचं कार्ड आलं, आणि त्याच दिवशी शिंपीकाका नवी नळी शिवून घेऊन आले, उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी, लाल-पांढरी. मी शिडीवर चढलो, मास्तरांनी शिडी धरली. जुनी नळी काढायला गेलो तर तिची कडी खांबाला गंजून चिकटलेली. हलेना. ठोकली, तेल सोडलं, कुरकुर करत एकदाची सुटली. नवी नळी बांधली मात्र, ती गर्रकन फिरली आणि धावपट्टीला बरोबर काटकोनात ताठ उभी राहिली. वारा दक्षिणेचा, जोराचा. नळी माझ्या तोंडावर फटाफट वाजत होती.

खालून मास्तर म्हणाले, ‘अरे, ही फिरते की.’

मी म्हटलं, ‘आता फिरते.’

‘म्हणजे आठ महिने फिरत नव्हती? मग तू बघत काय होतास रे?’

त्यांनी शिडी सोडली नाही हे उपकार. एवढंच म्हणाले, ‘मामाने वारा आडवा लिहिला, आणि भाचा स्वतःच आडवा पडला.’ शिंपीकाका हसले नाहीत. त्यांनी टेप गळ्यातून काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘विमानात माणसं बसणारेत, पोरा.’

ते खरं आहे. तुमचं नाव गेलं ते एक, आणि माझ्या एकवीस-एकवीस नोंदींच्या भरवशावर कोणी वैमानिक या पट्टीवर उतरायला बघेल ते दुसरं. तेव्हापासून तीन दिवस मी नळीखाली बाक टाकून बसलोय. नऊ नोंदी झाल्या, सात आडव्या. जसा होता तसा लिहिला. साहेबांना सगळं सविस्तर कळवलं आहे: गंज, रविवार, मंद-मध्यम-जोराचा, सगळं, आणि जुन्या नोंदी बिनचूक असल्याचं पेपरात छापावं असंही. गाव मला काय नाव ठेवेल ते ठेवो. तुम्ही नकला माळ्यावर ठेवा आणि वेळेवर जेवा.

तुमचा (हा शब्द अजून चालत असेल तर)
भाचा

ता. क. वर ‘साहेबांना कळवलं आहे’ असं म्हटलंय, त्यातलं लिहिलंय एवढं खरं, पाठवलेलं नाही. ते पत्र याच पाकिटात घातलंय. तुम्ही वाचावं, आणि योग्य वाटलं तर तिकडूनच पोस्टात टाकावं. तुमच्या हातचं असलं की साहेब जरा आदराने वाचतील. खरं तर एवढ्याच विनंतीसाठी हे पत्र होतं.

ता. क. २. वरचं मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘म्हणजे त्यांच्या सदऱ्यावर डाग तू पाडलास आणि धुवायला त्यांच्याकडेच पाठवतोस. निदान साबण तरी पाठव.’ ते पत्र तुमच्या हाती आलं असतं तर भाच्याला वाचवायला तुम्ही ते कदाचित टाकलंही नसतंत, आणि मला हे माहीत होतं. म्हणून ते पाकिटातून काढलं. स्वतः टाकायला निघालोय.

ता. क. ३. पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितोय. अर्धा तास झाला. पेटीचं तोंड चांगलं रुंद आहे, अडचण तिच्या बाजूने काही नाही. टाकलं. मास्तर साक्षीला आहेत. लगेच हात घालून पाहिला, मनगटापुढे जात नाही. तेव्हा ते गेलं असं नक्की समजावं. आता तुमचं हे पत्र टाकायचं राहिलंय, आणि ते काही माझ्याच्याने होणार नाही असं दिसतंय, म्हणून मास्तरांच्या हातात देऊन मी वाऱ्याकडे जातो. दुपारची नोंद व्हायची आहे.