तुम्ही न बोललेलं वाक्य

अप्पा, आपल्या थिएटरच्या लॉबीत परवा तुमचा लेक अण्णा पुन्हा चार लोकांना गोळा करून तुमच्या करारीपणाची गोष्ट सांगत होता. मी तिकिटाच्या खिडकीत उभी राहून ऐकत होते. ऐकता ऐकता माझं डोकं इतकं तापलं, की खिडकी लावून मी मागच्या ऑफिसात जाऊन बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण ज्याच्यावर चिडायचं तो समोर नसला की चीड जास्तच घुसमटते. म्हणून लिहिते आहे.

मार्गळी महिन्यात, ऐन डिसेंबर-जानेवारीत, आपलं थिएटर कसं ओस पडायचं ते तुम्हाला आठवत असेल. सगळं मद्रास गाण्याच्या कचेऱ्या ऐकायला सभागृहांत जायचं आणि तुम्ही पंखे बंद करून व्हरांड्यात पेपर वाचत बसायचात. आता तर मॉलमधले पडदे आले, घरोघरी मोबाईल आले, एका पडद्याचं थिएटर चालवणं म्हणजे रोज नव्याने हट्ट करणं. यंदा मी ठरवलं, याच महिन्यात रोज काहीतरी वेगळं लावायचं. एका संध्याकाळी मूकपट लावला आणि पडद्याखाली शाळेतल्या संगीत शिक्षकांना मृदंग घेऊन बसवलं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतली पोरं रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने परततात, त्यांच्यासाठी सकाळी भुताचा सिनेमा ठेवला. निम्मी झोपली, निम्मी किंचाळली, आणि जाताना सगळ्यांनी पुढचा कधी ते विचारलं. एक दिवस मराठी सिनेमा लावला. पुण्या-नागपूरकडची आयटीतली मुलं आली आणि आपल्या तंजावरी मराठी म्हाताऱ्याही रेशमी साड्या नेसून आल्या. मध्यंतरात एक आजी एका मुलीशी आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत बोलायला लागल्या, मुलीला त्यातलं निम्मंही कळेना, शेवटी दोघी मुलीच्या मोडक्या तमिळमध्ये हसत हसत बोलल्या. रविवारी सकाळी लहान मुलांचे सिनेमे. त्यांचा खर्च एका बिल्डरने उचलला होता, म्हणून लॉबीत त्याच्या नव्या इमारतींची पोस्टरं लावली होती.

शेवटच्या शनिवारी एक माहितीपट होता. वेलचेरीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका शिक्षिकेने केलेला. शहरात आलेल्या मोठ्या पुरात तिच्या सासूबाई घरातच बुडून गेल्या. पाणी ओसरल्यावर तिने शेजाऱ्यांना एकेकाला समोर बसवून बोलतं केलं, जुन्या लोकांना विचारून तिथे आधी तळं कुठवर होतं ते पायी फिरून दाखवलं. त्या तळ्यावर उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये आपल्या पोस्टरवाल्याचीही एक होती. हे मला माहीत होतं का? सिनेमा निवडला तेव्हा नव्हतं. नंतर कळलं, तेव्हा मी तो काढला नाही.

आठवडाभर आधी बिल्डरचा मॅनेजर आला, तेव्हा अण्णाही ऑफिसात होता. फार सभ्य माणूस. कॉफी घेतली, थिएटरचं कौतुक केलं, मग म्हणाला, "मॅडम, सिनेमा चांगलाच असणार. पण लोकांना नसत्या आठवणी कशाला करून द्यायच्या? लोक आता कुठे सावरताहेत."

मी म्हटलं, "ज्यांच्या आठवणी आहेत त्यांनीच तो केलाय."

तो हसला आणि माझ्याकडे न बघता अण्णाला म्हणाला, "सर, तुम्ही बघा जरा." जणू मी खोलीतला पंखा. पंचवीस वर्षं हे थिएटर मी चालवते, अण्णा महिन्यातून एकदा सही करायला येतो, आणि सर तो.

मॅनेजर गेल्यावर अण्णा म्हणाला, "एकच सिनेमा आहे गं. काढून टाक. मुलांचे रविवार तरी चालू राहतील."

"आणि त्या बाईला काय सांगू?"

"प्रिंट खराब आहे सांग. अप्पा असते तर त्यांनी हेच केलं असतं."

अप्पा, मला राग आला तो अण्णा खोटं बोलला म्हणून नाही. तो खरं बोलला म्हणून. मी तेव्हा शाळेत होते. तुम्ही लावलेल्या एका सिनेमात लाच खाणारा नगरसेवक होता आणि आपल्या भागातल्या पुढाऱ्याला ते स्वतःवरच आहे असं वाटलं. मध्यंतरात त्याची माणसं आली. मी अम्माजवळ बाल्कनीत बसले होते. तुम्ही पडद्यासमोर आलात, हात जोडलेत आणि म्हणालात, रीळ तुटलं आहे, उरलेला खेळ रद्द. लोक कुरकुरत उठले. घरी मी विचारलं, "अप्पा, रीळ कुठे तुटलंय?" तुम्ही पानावर बसला होतात, अम्मा डांगर पचडी वाढत होती. तुम्ही म्हणालात, "धंदा करणाऱ्याने मान वाकवायला शिकावं. तुला काय कळतंय त्यातलं?" अम्मा वाढायची थांबली. मला सगळं कळत होतं. नायिकेचं पुढे काय झालं एवढं मात्र कधीच कळलं नाही. तो सिनेमा पुन्हा आपल्याकडे लागलाच नाही.

म्हणजे अण्णाकडे तुमची साक्ष होती आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. मी बोलले असते तर, "तुला काय कळतंय," हेच त्याने ऐकवलं असतं. मग मी म्हटलं, "अप्पांनी जायच्या आधी मला काय सांगितलं ते तुला ठाऊक नाही. तू औषध आणायला गेला होतास. म्हणाले, एकदा लावलेला सिनेमा कुणाच्या सांगण्यावरून उतरवायचा नाही. मी एकदा उतरवला, त्याचं मला वाईट वाटतं."

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. तुम्ही पाणी मागितलंत, आणि खिडकी लाव म्हणालात.

अण्णा खुर्चीत बसूनच राहिला. शेवटच्या क्षणी आपण तिथे नव्हतो याची बोच त्याला आजही आहे. म्हणाला, "अप्पांना वाईट वाटत होतं?" मी मान हलवली. त्याने तिथूनच मॅनेजरला फोन लावला आणि तमिळमध्ये, शांतपणे, नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन पोस्टरं काढून घेऊन गेली, भिंतीचा रंगही थोडा घेऊन गेली.

शनिवारी पाऊस होता. शेअर ऑटोंतून, छत्र्या मिटत लोक आले. थिएटर भरलं नाही, पण रिकामंही नव्हतं. सिनेमा संपल्यावर एक माणूस उठून म्हणाला, "आमचे फ्लॅट आता कोण घेईल? कर्ज फेडतोय आम्ही." त्याचंही चुकीचं नव्हतं. पुढच्या रांगेतली एक बाई वळून म्हणाली, "तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता. आम्ही चार दिवस तुमच्याच जिन्यात बसलो होतो, विसरलात?" तो खाली बसला. मग तो आणि ती लॉबीत कितीतरी वेळ बोलत होते, भांडत नव्हते. ती शिक्षिका माझा हात धरून उभी राहिली. मला वाटलं, बस, एवढ्यासाठीच चालवायचं थिएटर.

आणि तेवढ्यात अण्णाने सुरू केलं. आमचे अप्पा असे होते, आमच्या अप्पांनी मरताना असं सांगितलं. लोक लॉबीतल्या तुमच्या फोटोकडे बघून मान डोलवत होते. त्या शिक्षिकेने फोटोला हात जोडले. मॅनेजरसमोर मी बसले होते, अप्पा. मुलांचे रविवार पुढे कसे चालवायचे या काळजीत मी आहे. तुम्ही त्या दिवशी पडद्यासमोर हात जोडून खोटं बोललात, आणि मान तुमचा. आयुष्यभर तुम्ही वाकलात आणि ताठ कण्याचं श्रेय मीच नेऊन तुमच्या पदरात टाकलं, कारण या घरात माझ्या शब्दापेक्षा मेलेल्या पुरुषाचा शब्द वजनदार आहे. याचा मला जितका राग येतो तितका त्या बिल्डरचाही येत नाही.

हे कागद मी ठेवणार नाही, अण्णाच्या हाती लागायला नकोत. त्याने आता तुमच्या फोटोखाली लावायला पितळी पाटी करायला टाकली आहे, ते वाक्य तमिळ आणि मराठीत कोरून. मराठी शुद्ध आहे का ते बघ म्हणून मजकूर काल माझ्याकडे पाठवला. ही माझी खोटी गोष्ट आहे, असं त्याला सांगायची संधी ती होती. मी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि मजकूर परत पाठवून दिला.